गोधडीचा गोट आणि शेवटचा सांधा



कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ. नाव काही असो, तिची कड आधी विरते; आणि कडेतही गोटाची दोन टोके जेथे भेटतात, ती जागा सर्वांत अगोदर उसवते. महिनाभर खपून धावदोरा घालायचा आणि शेवटच्या वीतभर जागेत घाई करायची, असे पुष्कळ घरी होते. म्हणून आज आम्ही त्या वीतभर जागेविषयीच लिहीत आहोत.

बहुतेकजणी एक टोक आत दुमडून दुसऱ्यावर चढवतात आणि टीप मारतात. गोट दुहेरी असल्याने तेथे सहा पदर एकावर एक येतात. गाठ हाताला लागते, धुताना दगडावर तीच घासते आणि दोरा तुटतो. गोधडी विकायची असेल तर गिऱ्हाईक प्रथम कडेवरून हात फिरवते आणि त्या गाठीवर बोट ठेवून भाव पाडते.

आता रीत पाहू. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडीचा घेर चोवीस फूट होतो. कोपरे व सांध्यासाठी दीड फूट जास्त धरा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून तीन इंच रुंदीच्या आठ पट्ट्या काढल्या की भागते. म्हणजे दोन फूट कापड पुरे. नवे कापड आधी धुऊन घ्या; आटायचे ते आटेल, रंग जायचा तो जाईल. जुन्या लुगड्याची पट्टी असेल तर दोन्ही हातांनी ताणून पाहा, विरलेला भाग घेऊ नका. गोधडीचे कोपरे गोल असतील तर मात्र पट्टी उरेब कापावी लागते.

पट्ट्या जोडून लांबीत दुमडा आणि कडेला लावायला घ्या. सुरुवात कोपऱ्यावर करू नका. पायथ्याच्या बाजूला, मधोमध करा. पहिली वीतभर पट्टी मोकळी सोडा. चारी बाजू फिरून आलात की सुरुवातीच्या टाक्याच्या हातभर अलीकडे थांबा. दोन्ही मोकळी टोके कडेवर सपाट ठेवा. ताणू नका, ढिलीही सोडू नका. एक टोक दुसऱ्यावर बरोबर तीन इंच चढेल असे कापा. पट्टीची रुंदी तीन इंच, म्हणून चढही तीन इंच. पट्टी अडीच इंचांची असेल तर चढ अडीच.

आता दोन्ही टोकांची घडी उलगडा. सुलट बाजूवर सुलट बाजू, अशी ती काटकोनात ठेवा. साबणाच्या वडीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा आणि रेघेवर टाचण्या लावा. गोधडी जड असते, पट्टी हातात येत नाही. तेवढा भाग मध्ये दुमडून घेतला की काम सोपे होते. शिवण्याआधी पट्टी उघडून पाहा. ती सरळ आली तर ठीक. पीळ पडला किंवा कोपरा तयार झाला, तर टाचण्या काढून पुन्हा लावा. मगच टीप घाला, पाव इंच ठेवून जादा कापड छाटा, शिवण नखाने दोन्हीकडे मोडा, पट्टी पुन्हा दुमडा आणि उरलेली कड शिवून टाका. तिरक्या शिवणीमुळे पदर एका जागी न साचता विभागले जातात, म्हणून सांधा हाताला लागत नाही.

ज्या मनुस्मृतीने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रे नेमून दिली, तिचे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले. तुकड्यांचे वस्त्र मात्र हलके ठरत नाही. विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे की, मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी तशा रचनेचे चीवर करण्यास आनंदास सुचविले, आणि ते तयार झाल्यावर आनंदाची प्रशंसा केली. चीवराच्या कडेला पट्टी लावण्याची अनुमतीही तेथेच आहे. लादलेली चिंधी आणि स्वतः जोडलेले वस्त्र यांत हा फरक आहे.

म्हणून भगिनींनो, गोधडी घरच्या लेकरासाठी असो की विकण्यासाठी, शेवटचा सांधा नीट घाला. विकण्यासाठी शिवत असाल तर आणखी एक करा. कामाला बसल्याची आणि उठल्याची वेळ रोज वहीत मांडा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. लुगडी गिऱ्हाईकाची असली तरी वेळ आपला असतो. भाव ठरवताना ती वही पुढे ठेवा, आणि सांध्याला लागलेला वेळही मजुरीत धरा.