जहाजांचे इंधन आणि गरिबांचे तेल

जगाच्या मालव्यापारापैकी आकारमानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यापार समुद्रमार्गे चालतो, आणि मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के वायू जहाजांच्या धुराड्यांतून बाहेर पडतात. १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय जहाज वाहतुकीचा धूर कोणत्याही देशाच्या खात्यावर मांडला गेला नाही; तो प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवून सर्वांनी हात झटकले. त्या संघटनेला २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट मान्य करायला जुलै २०२३ उजाडले. त्यासाठी धुरावर दर आकारण्याची जी योजना एप्रिल २०२५ मध्ये संमत झाली, ती अंतिम मंजुरीसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढे आली, तेव्हा अमेरिकेने समर्थक राष्ट्रांना जकातीच्या व प्रवेशबंदीच्या धमक्या दिल्या आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी तिचा निर्णय वर्षभरासाठी तहकूब झाला.

कायदा असा लांबणीवर पडत असताना जहाज कंपन्यांनी मात्र एक सोयीची वाट धरली आहे. ती म्हणजे जैवइंधनाची. वनस्पतितेल, वापरलेले खाद्यतेल किंवा प्राणिज चरबी यांपासून केलेले डिझेल जहाजाच्या इंजिनात घालून पाहावयाचे, सफर निर्विघ्न पार पडली की ‘चाचणी यशस्वी’ असे जाहीर करावयाचे, आणि भविष्याचा प्रश्न सुटला असे सुचवावयाचे, असा हा क्रम आहे. या घोषणांनी हुरळून जाणे जसे योग्य नाही, तसे त्यांना भांडवलदारी थोतांड म्हणून झिडकारणेही योग्य नाही. चाचणीत नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

डिझेल इंजिन वनस्पतितेलावर चालते ही गोष्ट नवी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि ती वाट मागे पडली. अलीकडच्या चाचण्यांपैकी २०१९ मधील ‘मेट मर्स्क’ या महाकाय जहाजाची चाचणी प्रसिद्ध आहे. रॉटरडॅम ते शांघाय आणि परत अशा सुमारे २५,००० सागरी मैलांच्या सफरीत त्या जहाजाने वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेले इंधन वीस टक्क्यांपर्यंत मिसळून जाळले. त्यानंतर सिंगापूर आणि रॉटरडॅम येथे मिश्र इंधनाची विक्री नियमित होऊ लागली. तीस टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला नायट्रोजन ऑक्साइडच्या नियमांच्या दृष्टीने नेहमीच्या इंधनासारखेच मानावे, असा अर्थ सागरी संघटनेने २०२२ मध्ये लावला.

यंत्राच्या दृष्टीने अडचणी आहेत, पण त्या असाध्य नाहीत. जैवडिझेल पाणी शोषून घेते. टाकीत फार दिवस पडून राहिले तर त्यात जंतू वाढतात व ते आंबट होते. जुन्या टाक्यांतील साचलेला गाळ ते सोडवते आणि गाळण्या तुंबतात. रबरी सील काही ठिकाणी टिकत नाहीत, थंडीत ते दाट होते, आणि डिझेलपेक्षा दर किलोमागे त्यात सुमारे बारा-तेरा टक्के उष्णता कमी असते. उलट त्यात गंधक जवळजवळ नसते, हा बंदरालगतच्या वस्त्यांच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. भर समुद्रात तुंबलेली गाळणी रात्री-बेरात्री उघडून साफ करतो तो इंजिनरूममधला कामगार. त्याचे वाढलेले काम, त्याला द्यावयाचे प्रशिक्षण आणि इंजिन बंद पडल्यास ओढवणारा धोका या गोष्टी चाचणीच्या अहवालात आल्या नाहीत, तर तो अहवाल अपुरा मानला पाहिजे.

परंतु खरा प्रश्न याच्याही पलीकडे आहे. जैवइंधन जाळले तरी धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड जवळपास पूर्वीइतकाच बाहेर पडतो. बचत होते ती अशी की, ज्या वनस्पतीपासून ते तेल आले तिने वाढताना तेवढाच वायू हवेतून घेतलेला असतो. म्हणजे या इंधनाचा जो मुख्य गुण सांगितला जातो, तो इंजिनात मोजताच येत नाही. तो शेतात आणि रानात मोजावा लागतो. तेथे जंगल तोडून ताडाची लागवड झाली असेल, किंवा माणसाच्या ताटातील तेल काढून घेतले गेले असेल, तर हजारो मैलांची निर्विघ्न सफरही काहीच सिद्ध करीत नाही. इंजिन उत्तीर्ण होते आणि परीक्षा दुसऱ्याच विषयाची असते.

साधा हिशेब करून पाहावा. पाच हजार टनांहून अधिक सकल टनभाराची जहाजे वर्षाला सुमारे एकवीस कोटी टन इंधन जाळतात. जगात सर्व प्रकारच्या वनस्पतितेलांचे मिळून वार्षिक उत्पादन सुमारे बावीस कोटी टन आहे. पृथ्वीवरील प्रत्येक चुलीवरची कढई उतरवून ठेवली, तरी ही जहाजे जेमतेम चालतील. तेव्हा पिकांच्या तेलावर जगाचे नौकानयन चालवण्याची कल्पना अंकगणितातच बसत नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत अन्न व चारापिकांपासूनच्या इंधनाला खनिज इंधनाइतकेच दूषित धरले, ते योग्यच झाले.

मग उरते वापरलेले तेल. ते जाळणे निःसंशय चांगले. पण ते थोडे आहे, आणि त्याला ताज्या तेलाहून अधिक भाव मिळू लागला की ताजे तेलच वापरलेले म्हणून विकण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. आशियातून युरोपात जाणाऱ्या अशा तेलाबद्दल हा संशय गेली काही वर्षे उघडपणे व्यक्त होत आहे. नफ्यावर चालणाऱ्या बाजारात प्रमाणपत्र हाही एक विक्रीचा माल होतो.

भारताला हा धडा नवा नाही. २००२ च्या अखेरीस दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी पाच टक्के जैवडिझेलवर चालवून पाहिली गेली. गाडी व्यवस्थित धावली. पुढच्या वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या प्रचंड लागवडीचे स्वप्न मांडले. पडीक जमिनीवर, पाण्याखताविना तेल पिकेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ज्या जमिनींना पडीक म्हटले, त्यांतील कित्येक गावाची चराऊ कुरणे होती, आणि पाण्याखताविना झाडाने तेल दिले नाही. योजना कागदावर विरली. अलीकडे इथेनॉलचेही तेच. अन्न महामंडळाने जुलै २०२३ मध्ये इथेनॉलसाठी तांदूळ देणे थांबवले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू केले. मका निर्यात करणाऱ्या या देशाला २०२४ मध्ये मका आयात करावा लागला.

खाद्यतेलाची स्थिती याहून नाजूक आहे. भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. ते गरजेच्या निम्म्याहून अधिक आहे. त्यातील मोठा वाटा गरिबांच्या घरी जाणाऱ्या पामतेलाचा. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने सुमारे तीन आठवडे निर्यात रोखली, तेव्हा येथील बाजार कसा हादरला हे लोकांच्या स्मरणात आहे. त्याच इंडोनेशियाने २०२५ पासून आपल्या डिझेलमध्ये चाळीस टक्के पामतेलाचे इंधन मिसळण्याचे धोरण घेतले, आणि त्याचे अनुदान पामतेलावरील निर्यात आकारातून दिले जाते. या आकाराचा भार काही अंशी तेथल्या लहान बागायतदाराच्या भावातून, तर काही अंशी आयातदार देशांतील ग्राहकाच्या किमतीतून वसूल होतो. उद्या जगातील जहाजेही याच बाजारात उतरली, तर धारावीतील गृहिणी आणि शांघायला निघालेले मालवाहू जहाज एकाच डब्यासाठी बोली लावतील. त्या लिलावात कोण जिंकेल, हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग काहीच करू नये काय? तसे म्हणणे हा पळपुटेपणा ठरेल. तापलेल्या समुद्राचा पहिला तडाखा किनाऱ्यावरच्या श्रमिकांनाच बसतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळात कोकणच्या मच्छीमारांनी तो सोसला आहे. आज बांधलेले जहाज वीस-पंचवीस वर्षे चालते, त्यामुळे जुन्या इंजिनांसाठी खऱ्याखुऱ्या टाकाऊ तेलाचा मर्यादित उपयोग जरूर व्हावा. मात्र मुख्य उपाय अन्यत्र आहेत. जहाजाचा वेग दहा टक्के कमी केला तर त्याच अंतरासाठी सुमारे एकोणीस टक्के कमी ऊर्जा लागते. यासाठी कोणत्याही नव्या इंधनाची वाट पाहावी लागत नाही. वाऱ्याची मदत घेणारी आधुनिक शिडे आणि सूर्य-वाऱ्याच्या विजेपासून तयार होणारी इंधने ही पुढची दिशा आहे. वेग कमी केल्याने भांडवल अधिक दिवस अडकते, म्हणून मालक तो उपाय स्वेच्छेने करीत नाहीत. तेथे कायदाच हवा.

या दृष्टीने समाजवादी चळवळीने काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. भारतीय जहाजांवरील प्रत्येक चाचणीत तेलाचा उगम शेतापासून वा कढईपासून टाकीपर्यंत सार्वजनिक तपासणीस खुला असावा. अन्नपिकांपासूनचे इंधन जहाजांसाठी वापरण्यास बंदी असावी. चाचणीच्या देखरेखीत खलाशी व इंजिनरूम कामगारांच्या संघटनांना स्थान असावे. ज्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीचा निर्णय केंद्र सरकारने २०१९ मध्ये घेतला, ती लोकांच्या मालकीची ठेवून या प्रयोगांची जबाबदारी तिच्यावर सोपवावी, म्हणजे निष्कर्ष कंपनीच्या तिजोरीत बंद राहणार नाहीत. आणि धुरावर आंतरराष्ट्रीय दर बसवण्याच्या योजनेला भारताने दबावाला न जुमानता पाठिंबा द्यावा. मात्र त्या निधीतून गरीब राष्ट्रांच्या किनाऱ्यांना व नाविकांना न्याय्य वाटा मिळावा, असा आग्रह धरावा.

बंदरांत, मच्छीमार वस्त्यांत आणि शेतकरी संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांवर सोडून देऊ नये. इंजिन कोणत्या तेलावर चालते हे अभियंता सांगेल. ते तेल कोणाच्या जमिनीतून आणि कोणाच्या ताटातून यावयाचे, हे मात्र लोकांनीच ठरवले पाहिजे.