मधुमेहाचे पथ्य आणि रेशनचे ताट

"भात बंद करा, पोळी कमी करा, सॅलड आणि सुकामेवा खा." मधुमेहाच्या रुग्णाला हा सल्ला सर्रास दिला जातो. पण वाशिम जिल्ह्यातील शेतमजुराने तो पाळायचा कसा? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. या धान्याने भूक भागली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र डाळ, भाजी, अंडी विकत घ्यायची तर मजुरीतून. मजुरी बुडाली की ताटातून आधी तेच जाते.

मजुराचा दिवस पहा. सकाळी भरपूर साखरेचा चहा, गोळी घेऊन शेतात, दुपार टळल्यावर शिदोरी आणि रात्री ताटभर भात. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, भोवळ येते. रात्रीच्या भाताने तीच साखर वर चढते. ती वर्षानुवर्षे चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. नजर जाते, मूत्रपिंड निकामी होते, पाय बधिर होतात. बधिर पायाला सोयाबीनचे खुंट लागलेले कळत नाही. जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते.

एकेकाळी विदर्भात घरोघरी ज्वारीची भाकर होती. आता शिवारात सोयाबीन आहे, ते बाजारात जाते, पोटात नाही. ज्वारी म्हणजे औषध नव्हे; चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. पण एक भाकर, वाटीभर डाळ, पालेभाजी आणि एक अंडे हे ताट नुसत्या भातापेक्षा नक्कीच बरे.

इथे जातीचा प्रश्न येतोच. मांसाहार सोडला की मधुमेह बरा होतो, असा प्रचार चालतो. त्याला आधार नाही. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिने गेली. त्याच्या बदल्यात डाळ किंवा अंडी देण्याची जबाबदारी कोणी घेतली?

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदना आणि मंदावलेली नजर सोसत त्यांनी अखेरपर्यंत लेखन केले. त्यांच्याजवळ डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या आईजवळ कोण आहे?

म्हणून दोन कामे. पहिले आपले: चहातली साखर तोडा, जेवणाची वेळ पाळा, डाळ-भाजी वाढवून भात घटवा, रोज रात्री तळपाय पहा, वर्षातून एकदा डोळे आणि लघवी तपासा. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका आणि उपवासही करू नका. दुसरे शासनाचे: रेशनवर नियमित ज्वारी आणि तूरडाळ द्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या कधी संपू देऊ नका.

ही भीक नाही. पोषणाचा दर्जा आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे अनुच्छेद ४७ सांगते. ग्रामसभेत हे अनुच्छेद वाचून दाखवा आणि मग डाळ मागा.

जय भीम!