कौशल्य कोणी हिरावले?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० कर्मचाऱ्यांना, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या जवळजवळ २ टक्के लोकांना, कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. ही कुऱ्हाड प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणींतील अनुभवी माणसांवर पडणार होती. कारण सांगितले गेले ते कौशल्ये जुळत नसल्याचे. ते घटकाभर खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच : या धंद्यात दहा-पंधरा वर्षे घालवलेली माणसे कोणते काम करीत असतात, आणि ते त्यांना कोण नेमून देते?

परदेशी ग्राहकांशी होणारे करार पुष्कळदा माणशी तासाच्या दराने होतात. जितकी माणसे आणि जितके तास, तितके बिल. अशा व्यवहारात एखादे वारंवार करावे लागणारे काम कायमचे निकालात काढणारा प्रोग्रामर मालकाच्या उत्पन्नालाच कात्री लावतो! मग तोच दोष दर महिन्याला हाताने दुरुस्त करून ‘तिकीट’ बंद करायचे, एकच अहवाल तीन तक्त्यांत भरायचा, कंपनीची एक आणि ग्राहकाची दुसरी अशा दोन टाइमशीट लिहायच्या, यात उमेदीची वर्षे सरतात. गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला दिवसअखेर विणलेले कापड तरी दिसे. हिंजवडीच्या वातानुकूलित इमारतीत तेही समाधान नाही.

कंटाळवाणे काम नेहमीच निरर्थक असते असे नव्हे. सन २००० च्या आधी जुन्या प्रोग्रामांतील दोन आकडी वर्षे ओळीन्‌ओळ शोधून बदलण्याचे काम रटाळ होते, पण आवश्यक होते. त्याच कामाने भारतीय कंपन्यांना हात दिला. आक्षेप आहे तो पुनरावृत्तीतून नफा कमवायचा आणि तिने बोथट झालेल्या माणसाला अकुशल ठरवायचे, या रीतीला. विचार व्यवस्थापनाने करायचा आणि हात कामगाराने चालवायचे, ही विभागणी हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्येच उघडी पाडली होती. ‘एक्झिक्युटिव्ह’ या बिरुदाने ती झाकली जात नाही.

कपातीविरुद्ध पुण्यातील कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, हे योग्यच झाले. मात्र नुकसानभरपाई आणि नोटीस यांपुरती मागणी थांबू नये. कौशल्य नाही म्हणून ज्याला काढले जाते, त्याला गेल्या दहा वर्षांत कोणते काम दिले आणि कामाच्या वेळेत किती प्रशिक्षण दिले, याचा वर्षवार हिशेब संघटनांनी मागावा. तो कंपन्यांजवळ तयार आहे. टाइमशीट त्यांनीच भरून घेतलेल्या आहेत.