वसईची घंटा आणि वसईचा कागद

भीमाशंकरला गेलेल्या मैत्रिणींनी देवळाजवळची ती मोठी पोर्तुगीज घंटा पाहिलीच असेल. दोन खांबांच्या मध्ये टांगलेली, अंगावर १७२९ साल असलेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा आणलेल्या घंटांपैकी ही एक, असं आपल्याकडे सांगतात. मुलांना कडेवर घेऊन आपण ती कौतुकाने दाखवतो. दाखवायलाच हवी. पराक्रमाची खूण आहे ती.

पण त्याच वसईत, ६३ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. त्या कागदाची गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. शिवनेरीचंही तसंच. १६३० साली शिवराय तिथे जन्मले हे जुन्नरच्या लहान पोरालाही पाठ असतं. राज्य कसं उभं राहिलं हे आपण सांगतो, ते कसं गेलं हे मात्र गिळून टाकतो. माझं स्पष्ट मत आहे की तेही सांगायला हवं, आणि आपण आयांनी सांगायला हवं. कारण ते ज्या रीतीने गेलं, ती रीत आपल्या बायकांच्या चांगली ओळखीची आहे.

पुण्याच्या दरबारात पहिला इंग्रज रेसिडेंट आला १७८६ मध्ये. चार्ल्स मॅलेट त्याचं नाव. रेसिडेंट म्हणजे शब्दशः राहणारा. मुळा-मुठेच्या संगमावर, शहराबाहेर त्याला जागा मिळाली. आता दरबारात परका वकील असणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आपलेही वकील ठिकठिकाणी असत. निजामाच्या हैदराबादला गोविंदराव काळे होते, तिथली खडान्‌खडा बातमी ते नाना फडणवीसांना लिहीत. तू माझ्याकडे माणूस ठेव, मी तुझ्याकडे ठेवतो, असा हा बरोबरीचा व्यवहार. नाना होते तोवर ही बरोबरी बरीचशी टिकली. रेसिडेंट बातम्या गोळा करी, तर नानांकडेही त्याच्या बातम्या असत. मार्च १८०० मध्ये नाना गेले आणि तो धाक संपला.

पुढे जे झालं ते बाहेरच्याने नाही, घरच्यांनीच सुरू केलं. बाजीरावाने यशवंतराव होळकरांच्या भावाला, विठोजीला, १८०१ मध्ये पुण्यात क्रूरपणे मारलं. यशवंतराव चिडून चालून आले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ लढाई झाली, बाजीराव हरला आणि पुणं सोडून पळाला. तो गेला कुठे? भावाभावांच्या भांडणात मध्यस्थी करायला जो केव्हाचा टपून बसला होता, त्याच्याकडे. इंग्रजांकडे.

वसईच्या तहात काय होतं ते मुलांना नीट सांगा, अवघड नाही. इंग्रज फौज पेशव्याच्या रक्षणाला कायमची राहणार, सहा हजारांच्या आसपास. तिच्या खर्चासाठी पेशव्याने वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनाला नोकरीत ठेवायचं नाही. आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही राज्याशी बोलणी करायची नाहीत. बघा हं, रखवालदार त्यांचा, त्याचा पगार आपला, आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर रखवालदाराच्या मालकाची परवानगी!

१८११ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट होता. हुशार, अभ्यासू माणूस. संगमावरच्या बंगल्यात त्याचा मोठा ग्रंथसंग्रह होता. पण त्याचं खरं बळ पुस्तकांत नव्हतं, बातमीत होतं. पेशव्याच्या दरबारात काय शिजतंय हे त्याला कळे, आणि त्याचा शब्द वर गव्हर्नर जनरलपर्यंत पोचे. बाजीरावाचा शब्द मात्र कुठेच थेट पोचत नव्हता. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपूरला खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर आलेले. त्या प्रकरणात रेसिडेंटने बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला ताब्यात मागितलं आणि पेशव्याला तो द्यावा लागला. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने तर उरलंसुरलंही गेलं. दुसऱ्या दरबारांत वकील पाठवायचे नाहीत, त्यांचे घ्यायचे नाहीत, जे काय बोलायचं ते रेसिडेंटमार्फत. गादीवर पेशवा होता, पण त्याचं तोंड दुसऱ्याच्या हातात गेलं होतं.

मग ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी पेशव्यांच्या माणसांनी संगमावरचा बंगला पुस्तकांसकट जाळला. पण राग काढून काय उपयोग? पुणं गेलं. पळता पळता डिसेंबरमध्ये बाजीराव आपल्याच ओतूर-जुन्नरच्या डोंगराळ मुलखात येऊन गेला. पुढच्या मे महिन्यात शिवनेरी, चावंड, जीवधन हे किल्ले एकामागून एक पडले. जीवधनच्या तुटक्या पायऱ्या पाहून मुलं विचारतात, "आई, ह्या कोणी तोडल्या?" इंग्रजांनी तोफा लावून उडवल्या, हे खरं. पण पहिली पायरी वसईला निखळली होती, हेही सांगा. बाजीराव ३ जून १८१८ ला शरण गेला. वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन कानपूरजवळ बिठूरला राहिला, आणि त्याच्यावर नजर ठेवायला तिथेही एक इंग्रज अधिकारी नेमला होताच.

ही रीत इंग्रजांनी पुण्यापुरती ठेवली नाही. साताऱ्याला, नागपूरला, हैदराबादला, बडोद्याला रेसिडेंट होते. समुद्रापलीकडेही तेच. १८३९ मध्ये घेतलेलं एडन १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभारात होतं. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसणारा रेसिडेंट बरीच वर्षं मुंबईच्या हुकमात होता. १८९२ मध्ये आखाताच्या किनाऱ्यावरच्या अरब शेखांनी इंग्रजांना जो करार लिहून दिला, त्यात अट काय होती? इंग्रजांशिवाय दुसऱ्या कुठल्याही सरकारशी बोलणी करायची नाहीत. वसईचंच कलम! आज आपल्या ओळखीतली कितीतरी मुलं नोकरीला दुबईला आहेत, त्या दुबईच्या शेखांचीही ही गोष्ट.

कुणी म्हणेल, कागद नीट वाचला असता तर काय राज्य वाचलं असतं? इंग्रजांकडे कवायती फौज होती, तोफा होत्या, पैसा होता. बरोबर आहे. नुसत्या वाचण्याने राज्य वाचलं असतं असं मीही म्हणत नाही. पण कागदाची लढाई कागदानेच लढावी लागते, हे आपल्याही लोकांना पुढे कळलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तब्बल १४ वर्षं तिथे अर्ज-विनंत्या करत राहिले. न्याय मिळाला नाही, पण इंग्रजांच्याच दारात जाऊन त्यांनी जाब विचारला.

आणि झाशीची राणी? आपण तिला घोड्यावर बसलेली, पाठीशी मूल बांधलेली ओळखतो. पण तलवार उपसण्याआधी, १८५४ मध्ये, ह्या बाईने जुन्या तहांचे दाखले देऊन गव्हर्नर जनरलकडे दाद मागितली होती. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून त्याचा सल्ला घेतला होता. दत्तकाचा हक्क काय, तहात शब्द काय, हे तिला माहीत होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुली तिच्यासारखा फेटा बांधून तलवार फिरवतात. कधीतरी एखादीच्या हातात अर्जही द्यायला हवा.

आता म्हणाल, ह्या राजेरजवाड्यांच्या गोष्टींचं आम्हाला काय? सांगते. बचत गटाच्या कामाला मी जुन्नर-आंबेगावच्या गावांतून फिरते. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. खुर्ची मिळाली. पण एका गावात सरपंचताईंना मी विचारलं, "मागच्या मीटिंगमध्ये काय ठराव झाला हो?" तर त्या हसून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना माहीत." सही ताईंची, बोलणं ह्यांचं, बातमी ह्यांच्याकडे. मला संगमावरचा बंगलाच आठवला. रेसिडेंट गोराच असतो असं थोडंच आहे? तो दीर असतो, नवरा असतो, "तुम्हाला कशाला त्रास" म्हणणारा कुणीतरी हितचिंतक असतो.

तसंच हक्कसोडपत्राचं. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला जमिनींना भाव आले तसे भावांना बहिणी आठवू लागल्या. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाऊ गाडी घेऊन येतो, साडी-चोळी करतो, "ताई, एवढी सही कर, नाहीतर माहेर तुटेल" म्हणतो. सोडायचा तर खुशाल सोडा, भावावर माया असते, मी कोण नाही म्हणणार? पण काय सोडतोय, किती सोडतोय, हे वाचून सोडा. माहेर टिकवण्याची किंमत म्हणून न वाचता सही मागत असतील, तर ते माहेर नव्हे, तो वसईचा तह झाला.

मैत्रिणींनो, मी फार मोठं काही मागत नाही. पंचायतीत असाल तर ठराव स्वतः मोठ्याने वाचून घ्या, ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यायचा नियम आहे तो पाळायला लावा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातीकडून वाचून घ्या, घाई करणाऱ्याला दोन दिवस थांबवा, आणि सही केली की कागदाची झेरॉक्स घरात ठेवा. भांडण झालं तर आधी घरातल्यांशी बोला, बाहेरच्या रखवालदाराला बोलावण्याची घाई नको. आणि पुढच्या वेळी मुलांना घेऊन जीवधनला गेलात, की पराक्रमाच्या जोडीने त्यांना त्या कागदाचीही गोष्ट सांगा. मुलींना तर जरूर सांगा.