भंगारांतील धन

तोरण्यावर सांपडलेलें धन राजगडाच्या बांधणीस उपयोगीं पडलें, ही कथा आमच्या भोर-वेल्ह्याकडील मुलांस लहानपणींच ऐकावयास मिळते. त्यामुळें कीं काय, जमिनींतून नाहीं तरी भंगारांतून धन काढण्याचा छंद आमच्या पुतण्यास जडला आहे. गेल्या महिन्यांत नसरापुराहून वेल्ह्यास जातांना रस्त्यालगतच्या भंगाराच्या दुकानीं त्यानें एक चपटी, करडी पेटी वजनावर विकत घेतली आणि घरीं येऊन जाहीर केलें, "काका, स्पार्कस्टेशन मिळालें!" सूनबाईंनीं एवढेंच विचारलें, "ठेवायचें कोठें?" प्रश्न रास्त होता, माजघराचा एक कोपरा अशा यंत्रांनीं यापूर्वींच व्यापिला आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांस हें नांव अपरिचित असेल. १९८० नंतरच्या दशकांत घरगुती संगणक अगदींच दुबळे असतां, अभियंते व शास्त्रज्ञ यांच्यासाठीं 'वर्कस्टेशन' नांवाचे बलवत्तर संगणक निघूं लागले. ते करणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ सालीं अमेरिकेंत ज्या चौघांनीं काढिली, त्यांतील विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा (१९५५). पहिलें स्पार्कस्टेशन १९८९ सालीं बाहेर पडलें. पुढें २०१० सालीं ती कंपनीच ओरॅकलनें विकत घेतली. आतां भंगारवाले या यंत्रांतील तांबें व सोन्याचा मुलामा तेवढा पाहतात.

या यंत्रांस एक विलक्षण व्याधि आहे. घड्याळाच्या चिपेंतच एक लहानशी बॅटरी कायमची पुरलेली असते. ती सुमारें दहा वर्षांनीं संपते, आणि यंत्र वेळ तर विसरतेंच, परंतु जाळ्यांतील इतर यंत्रें त्यास ज्या क्रमांकानें ओळखतात तो आपला क्रमांकहि विसरतें. बाकी सर्व धड असतें, 'कोऽहम्?' या प्रश्नास मात्र त्याजवळ उत्तर नसतें. उपाय असा कीं, चिपेचें आवरण कानशीनें बेतानें घांसून तीन व्होल्टांची नवी बॅटरी बाहेरून जोडावी व क्रमांक पुन्हां लिहून द्यावा. हा क्रमांक पुष्कळदां चिपेवरील कागदी चिठ्ठीवर छापलेला असतो. म्हणून नव्या संग्राहकांनीं आधीं ती चिठ्ठी उतरून घ्यावी, मगच कानस हातीं धरावी.

पुतण्या त्या चिठ्ठीवरील धूळ फुंकरीनें उडवीत होता, तेव्हां आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. वाड्याच्या वांटणीच्या वेळीं तीर्थरूपांच्या पोथ्यांचा एक गठ्ठा आम्हीं स्वतः रद्दींत दिला. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसानें! पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर त्या लिहून काढणाऱ्या पूर्वजांचीं नांवें व शक होते, एवढें आठवतें. नांवें आठवत नाहींत. आमच्या घराण्याची चिठ्ठी आम्हीं उतरून न घेतांच घालविली.

पुण्यास दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनीं लोकांच्या घरांतील दिवे, अडकित्ते, भांडीं जमवून संग्रहालय उभारिलें, म्हणून त्या वस्तु आज आपणांस पाहतां येतात. तरी सर्वच जुनें सांठवावें असें नव्हे. सूनबाईंची जागेची अडचण खरी आहे. शेवटीं तडजोड ठरली: फळी एकच, यंत्रें तीनच, आणि प्रत्येकावर नांव, साल व मिळाल्याचें ठिकाण सांगणारी चिठ्ठी. चिठ्ठ्या लिहिण्याचें काम आम्हीं मागून घेतलें आहे. आमचें अक्षर अजून वाचतां येतें.