प्रतीचे स्वातंत्र्य आणि समीक्षेचे मौन

साहित्यकृती म्हणजे काय, तिची स्वायत्तता कशात असते, तिच्या अर्थनिर्णयनाचा अधिकार लेखकाचा की वाचकाचा, या प्रश्नांवर मराठी समीक्षेने विपुल लेखन केले आहे. साहित्यकृती कोठे राहते आणि तेथे राहण्याची परवानगी तिला कोण देतो, हा प्रश्न मात्र तिने समीक्षाबाह्य मानला. मुद्रणयुगात हे दुर्लक्ष फारसे महागात पडले नाही. छापलेले पुस्तक विकत घेणाऱ्याच्या मालकीचे होत असे आणि प्रकाशक ते त्याच्या कपाटातून परत नेऊ शकत नसे. आज कविता, परीक्षणे, वाङ्मयीन वाद आणि त्यांवरील प्रतिक्रिया यांचा मोठा भाग मूठभर बड्या तंत्रकंपन्यांच्या जागेवर प्रकट होतो व पुष्कळदा तेथेच संपतो. तरीही ‘माध्यम तटस्थ असते, पाहायचे ते आशयाकडे’ ही समजूत सुटलेली नाही. या समजुतीमुळे समीक्षा ज्या पायावर उभी आहे तो पायाच तिच्या नकळत विकला जात आहे.

हा पाया म्हणजे प्रत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोपर्यंत जवळजवळ तीन शतके हा ग्रंथ हातोहात उतरला गेला होता. त्यात अपपाठ शिरले होते, पण ज्या विखुरलेपणामुळे ते शिरले त्याच विखुरलेपणामुळे ते ओळखताही आले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे याच तत्त्वाचे आधुनिक व विराट रूप होय. शारदा, बंगाली, देवनागरी, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या निरनिराळ्या घरांत, मठांत आणि ग्रंथालयांत टिकल्या होत्या, म्हणून ती शक्य झाली. समजा, महाभारताची एकच पोथी असती, ती एकाच सावकाराच्या तिजोरीत असती आणि तिच्यातील पाने बदलण्याचा अधिकार त्यालाच असता, तर सुकथनकरांना करण्यासारखे कोणतेच काम उरले नसते.

पाठचिकित्सेला चार गोष्टी लागतात. ग्रंथ कोणत्याही हेतूने वाचता-वापरता आला पाहिजे. त्याची अंतर्गत रचना तपासता आली पाहिजे. त्याची प्रत दुसऱ्याला देता आली पाहिजे. आणि सुधारलेली प्रत पुन्हा प्रचारात आणता आली पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून उभ्या राहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरकर्त्याची जी चार स्वातंत्र्ये सांगितली, ती जवळजवळ हीच आहेत: आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविणे, तिची स्रोतसंहिता अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे. या साम्यामागे कारण आहे. आज्ञावली हीसुद्धा माणसाने माणसासाठी लिहिलेली संहिताच आहे आणि संहितेविषयीचे ज्ञान तिच्या प्रतींवाचून संभवत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. एकनाथांनीच पुढील लेखकांना ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावले होते. मग बदलाच्या स्वातंत्र्याशी त्यांचे नाते जोडणे कितपत योग्य? हा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरविषयीच्या अपसमजातून येतो. १९८९ मध्ये सिद्ध झालेला ‘जीपीएल’ हा परवाना बदलाला मुभा देतो, पण बदल केल्याची नोंद करणे बंधनकारक ठरवितो. एकनाथांचा कटाक्षही चोरून केलेल्या भरीवर होता. ज्ञानेश्वरीवर स्वतंत्र भाष्य रचण्यास त्यांचा विरोध असल्याचे कोठे दिसत नाही. उलट बड्या कंपन्यांच्या जागेवर मालक आपल्या सोयीने मांडणी बदलतो, क्रम बदलतो, मजकूर खाली ढकलतो किंवा काढून टाकतो आणि त्याचा पाठभेद कोठेही नोंदला जात नाही. खरा नरोटीचा व्यवहार तेथे आहे.

मराठीला बंदिस्त संहितेचा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत जतन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदींच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांची उकल होईपर्यंत मराठी गद्याचा हा आद्य ठेवा पंथाबाहेरील वाचकाला जवळजवळ अज्ञात होता. त्या गुप्ततेमागे श्रद्धा होती, पावित्र्याची एक कल्पना होती. संगणकावर मराठी आली तेव्हा मात्र केवळ व्यापारापायी नव्या सकळ लिप्या निर्माण झाल्या. प्रत्येक विक्रेत्याच्या फाँटचा संकेतक्रम वेगळा; एका फाँटमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हांची रांग होऊन उभा राही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान होते, पण मराठी मुद्रणव्यवहार त्यानंतरही वर्षानुवर्षे या खासगी संकेतांत अडकून राहिला. त्या काळातील प्रबंध, नियतकालिकांचे अंक आणि पुस्तकांच्या संगणकीय प्रती उघडू पाहणाऱ्या संशोधकाला आज तोच मजकूर पुन्हा जुळवावा लागतो किंवा परिवर्तकाच्या चुका ओळीओळीने निस्तराव्या लागतात. महानुभावांच्या लिपीची किल्ली निदान महंतांपाशी होती. बंद पडलेल्या कंपनीच्या संकेताची किल्ली कोणापाशी मागावयाची?

फाँटचा हा धडा शिकून झाला आहे असे म्हणावे, तर तीच चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हा होत आहे. ऑर्कुटवर भारतीय वाचक-लेखक मोठ्या संख्येने जमले होते, मराठीभाषकांचे समूहही तेथे होते. गूगलने ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. जाहीर चर्चांचा संग्रह काही काळ ठेवला गेला आणि पुढे तोही काढून टाकण्यात आला. गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठीची सेवा एप्रिल २०१९ मध्ये संपली. एखाद्या मासिकाचा संसार आटोपला तरी त्याचे अंक राहतात. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले, पण त्याचे अंक ग्रंथालयांत आहेत आणि त्यांवर प्रबंध लिहिले जातात. ऑर्कुटवरील वाङ्मयीन चर्चांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने साधनग्रंथांच्या यादीत काय लिहावे?

प्रश्न केवळ नाहीसे होण्याचा असता तर तो ग्रंथपालांवर सोडता आला असता. या जागांचे मालक समीक्षाही करतात, आणि ती फार वाईट करतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले. त्यामागील एक कारण हिंदी कवी गोरख पांडे यांची एक कविता होते. हेगडे यांनी ती २०१७ मध्ये पुढे पाठविली होती. न्याय मागणाऱ्या माणसाला फाशी द्या, असे त्या कवितेतील सत्तेचा आवाज म्हणतो आणि त्या आवाजाचा उपरोध हाच कवितेचा प्राण आहे. कवितेतील निवेदक आणि कवी यांतील भेद पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या सत्रात शिकविला जातो. कंपनीच्या नियमपालनयंत्रणेला तो कळला नाही आणि सत्तेचा निषेध हिंसेचे आवाहन ठरला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. बड्या वकिलाचे म्हणून ते गाजले तरी. एखाद्या तालुक्यातील कवीच्या कवितेचे असेच वाचन झाले तर त्याची वार्ताही होणार नाही.

साठोत्तरी पिढीने अशा द्वारपालांशी झुंज दिली होती. लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइल करून निघाली, कारण प्रस्थापित मासिकांची अभिरुची त्या लेखनाला जागा देत नव्हती. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. त्या कृतीचे मूल्यमापन कसेही होवो, ती शक्य होती ही गोष्ट महत्त्वाची. संपादकाला नाव होते, पत्ता होता, वाङ्मयीन भूमिका होती; तिच्याशी भांडता येत होते. आज कोणती कविता कोणापुढे यावी हे ठरविणारी क्रमनिर्धारणाची आज्ञावली व्यापारी गुपित म्हणून झाकलेली आहे. तिला अभिरुची नाही, वाचकाला अधिकाधिक वेळ जाहिरातींसमोर खिळवून ठेवण्याचे उद्दिष्ट तेवढे आहे. जाळण्यासाठी अंकही हाती नाही. आणि ज्या पिढीच्या बंडावर मराठीच्या प्राध्यापकांनी आपले प्रबंध सिद्ध केले, त्या बंडाचा वारसा सांगणारे प्राध्यापक आपले सगळे वाङ्मयीन संभाषण या निनावी संपादकाच्या स्वाधीन करून निश्चिंत आहेत.

पर्याय नाही, ही सबब खोटी आहे. आज्ञावली दूरच्या सर्व्हरवर चालू लागली की तिची प्रत वापरणाऱ्याच्या हाती येत नाही आणि जुन्या परवान्याचे बंधन तोकडे पडते, हे ओळखून २००७ मध्ये ‘ॲफेरो जीपीएल’ची नवी आवृत्ती आली, सेवा चालविणाऱ्याने त्या सेवेची बदललेली स्रोतसंहिताही वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावी, असे ती सांगते. २०१६ मध्ये सुरू झालेले मास्टोडॉन याच परवान्याखाली आहे. तेथे एक मालक नाही. कोणतीही संस्था, विभाग किंवा मित्रमंडळ आपला सर्व्हर चालवू शकते आणि ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सार्वजनिक संकेतामुळे (जानेवारी २०१८ पासून तो जागतिक जाल संघटनेचा अधिकृत शिफारसप्राप्त संकेत आहे) एका सर्व्हरवरील वाचकाला दुसऱ्यावरील लेखन वाचता येते. हेगडे प्रकरणानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीयांनी या मार्गाकडे पाऊल वळविले होते. लघुअनियतकालिकांचे एकमेकांशी जोडलेले जाळे, असे त्याचे वर्णन करता येईल.

बहुतेकजण परत फिरले, हे खरे. ‘वाचक जेथे आहेत तेथेच लिहिले पाहिजे’ हा युक्तिवाद तेव्हाही झाला, आताही होतो. पण वाचकसंख्या हा निकष मराठी समीक्षेने लोकप्रिय कादंबरीला कधी लावू दिला नाही. तो कंपनीच्या बाबतीत एकाएकी प्रमाण का व्हावा? लहान सर्व्हर बंद पडतात, त्यांचे चालक लहरी असू शकतात, हेही खरे. अनियतकालिकेही अल्पायुषीच होती. फरक असा की, लहान सर्व्हरच्या चालकाशी पटले नाही तर वाचकाला संबंध न तोडता दुसरीकडे जाता येते; महाकंपनी सोडणे म्हणजे जमविलेला सारा परिवार सोडणे. विकेंद्रित संकेतालाही धोका आहेच. २००६ पासून गूगल टॉक खुल्या संकेताद्वारे इतर सर्व्हरांशी बोलत असे. २०१३ नंतर हँगआउट्सच्या रूपात गूगलने ते दार लावून घेतले आणि बाहेरचे एकाकी पडले. मोठा भागीदार आला म्हणून हुरळून जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

‘हे तंत्रज्ञांचे काम’ असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तेथे २००२ पासून ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या समूहाने मल्याळम फाँट आणि भाषिक साधने मुक्त परवान्याखाली विकसित केली. राज्याचे शालेय संगणकशिक्षणही मुक्त सॉफ्टवेअरवर उभे राहिले. लिपी हा भाषकांचा सामाईक ठेवा आहे, विक्रेत्याचा माल नव्हे, ही जाण त्यामागे होती. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाचा उत्सव कंपन्यांच्या भिंतींवर साजरा झाला, यातील विसंगती कोणाला जाणवली नाही. ज्या प्राचीन ग्रंथांच्या बळावर तो दर्जा मिळाला ते ग्रंथ प्रती करण्याच्या स्वातंत्र्यामुळे टिकले होते.

मराठी विभागांना करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. प्रबंध युनिकोडमध्ये आणि खुल्या संचिकास्वरूपात स्वीकारावेत. नियतकालिकांनी आपले अंक कंपनीच्या पानावर टाकण्यापूर्वी स्वतःच्या आणि ग्रंथालयांच्या सर्व्हरवर ठेवावेत. स्वामित्वहक्कमुक्त ग्रंथ मराठी विकिस्रोतात तपासून घालण्याचे काम पाठचिकित्सेच्या अभ्यासाचा भाग मानावे. एखाद्या विद्यापीठाने विकेंद्रित जाळ्यातील आपला सर्व्हर चालवावा. यासाठी लागणारा पैसा एका चर्चासत्राच्या खर्चाहून फार मोठा नसेल. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. श्रम आणि वर्गणी द्यावीच लागेल. बड्या कंपन्यांची सेवा फुकट भासते, कारण तिची किंमत पुढच्या पिढीच्या संशोधकाकडून वसूल होते. त्याला प्रत मिळणार नाही, आणि प्रत नसेल तेथे समीक्षा नसते.