बातमी देऊन मोकळे होता येत नाही

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की लाखनीच्या चहाच्या टपरीवरही दोन मते हमखास ऐकू येतात. एक असे की, तिथे बंदुका दुकानात राजरोस मिळतात म्हणून माणसे मरतात. वृत्तवाहिन्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. दुसरे याच्या उलट: सगळा दोष टीव्हीचा, सिनेमाचा आणि मोबाईलचा, त्यांनीच पोरांची डोकी फिरवली. ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींमुळे माध्यमे सारखीच सुटतात. पहिल्या मतात त्यांच्यावर आरोपच नाही. दुसऱ्यात आरोप इतका मोघम आहे की तो कोणा एका संपादकावर, कोणा एका बातमीवर ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही मते खोडून काढायला हवीत, आणि त्यासाठी अमेरिकेइतकाच आपला भंडारा जिल्हाही उपयोगी पडतो.

पहिल्या मतातले खरे आधी मान्य करू. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे गेली. 2020 पासून तिथल्या मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक हेच आहे. वर्तमानपत्रे कितीही संयमाने छापली तरी घराघरातली हत्यारे त्यामुळे कमी होणार नाहीत. ते काम कायद्याचे. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि त्याचा फरक दिसतो.

पण याच आकड्याच्या पोटात माध्यमांवरचा आरोपही आहे. त्या 48,830 पैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. उरलेल्यांतले बहुतेक खून घरात, गल्लीत, भांडणात झाले. शाळेत शिरून गोळ्या घालणाऱ्याच्या हातून मेलेले लोक एकूण संख्येचा अगदी लहान भाग. तरीही आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली बंदूक म्हटली की शाळाच येते, कारण आपल्याला तेवढेच दाखवले गेले. स्वतःच्या कानशिलाला बंदूक लावणाऱ्या माणसाकडे कॅमेरा गेला नाही. जिथे सर्वाधिक माणसे मरतात ती जागाच बातमीतून गळाली, तर लोकांनी उपाय कशावर मागायचा?

आता दुसरे मत. 14 डिसेंबर 2012 रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाऊन गावी सॅंडी हूक शाळेत 20 लहान मुले आणि 6 मोठी माणसे मारली गेली. आठवडाभरात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचे वेन लापिएर पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी व्हिडिओ गेम, सिनेमे आणि माध्यमे यांच्यावर खापर फोडले. उपाय म्हणून प्रत्येक शाळेत शस्त्रधारी पहारेकरी मागितले. तेच गेम जपानमधली मुलेही खेळतात, आणि तिथे बंदुकीने होणारे खून वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे ‘माध्यमांनी बिघडवले’ ही ओरड करणारा माणूस अनेकदा बंदूक विकणाऱ्याचीच बाजू लढवत असतो. आपल्याकडे कोणी हे मत भाबडेपणाने बोलत असेल, पण त्याचा फायदा कोणाला होतो ते ओळखून बोलावे.

माध्यमांचा त्या दिवसाचा खरा अपराध वेगळाच होता आणि तो बोट ठेवून दाखवता येतो. दुपारपर्यंत मोठमोठ्या वाहिन्यांनी मारेकरी म्हणून एका तरुणाचे नाव जाहीर केले. तो मारेकऱ्याचा भाऊ निघाला. तो जिवंत होता, घटनास्थळापासून दूर होता, आणि मी नव्हे, मी नव्हे असे त्याला समाजमाध्यमावर लिहावे लागले. पुढे ॲलेक्स जोन्स नावाच्या एका प्रसारकाने हे हत्याकांड घडलेच नाही, आईबाप नट आहेत, असा प्रचार वर्षानुवर्षे चालवला. पोर गमावलेल्या घरांना धमक्या आल्या. त्या कुटुंबांनी दावा लावला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ज्यूरीने जोन्सला सुमारे 96 कोटी 50 लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. माणूस ठरलेला, वाक्ये ठरलेली, नुकसान झालेले लोक समोर उभे. हिशेब असा मागायचा असतो.

‘पण हे सारे तिकडचे. आपल्याकडे कुठे आहे बंदूक?’ असे म्हणणाऱ्याला 26 नोव्हेंबर 2008 ची आठवण द्यावी लागते. मुंबईवरच्या त्या दहशतवादी हल्ल्यात 166 लोक गेले. अतिरेकी शिरलेल्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणारे कमांडो आपण घरात बसून थेट पाहिले. आपण पाहिले तसे पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांनीही पाहिले, आणि आतल्या अतिरेक्यांना ते फोनवरून सूचना देत होते. 29 ऑगस्ट 2012 रोजी, जिवंत पकडलेला अतिरेकी कसाब याच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले: या प्रक्षेपणाने जवानांचे काम अधिक अवघड आणि अधिक धोक्याचे केले, आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन त्याचे समर्थन करता येणार नाही. तरीही दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट चित्रणाला केबल टीव्हीच्या नियमांत बंदी आली ती 2015 साली. मधली वर्षे वाहिन्यांनी स्वनियमनाची ग्वाही देण्यात काढली.

ते युद्धासारखे होते, नेहमीचे नव्हे, असेही कोणी म्हणेल. मग मार्च 2023 घ्या. लॉरेन्स बिश्नोई हा गुंड कोठडीत असताना एका हिंदी वृत्तवाहिनीने त्याच्या दोन मुलाखती दाखवल्या. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा मुलाखतींनी गुन्हेगारीचे उदात्तीकरण होते असे बजावले. चौकशीत पहिली मुलाखत पोलिसांच्याच ताब्यात, पोलिसांच्याच जागेत झाल्याचे पुढे आले आणि एका पोलीस उपअधीक्षकाला बडतर्फ व्हावे लागले. 14 एप्रिल 2024 ला अभिनेता सलमान खानच्या वांद्र्याच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. 12 ऑक्टोबरला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा वांद्र्यातच गोळ्या घालून खून झाला. दोन्हींत बिश्नोईच्या टोळीचे नाव आले. त्या मुलाखतींमुळे हे घडले असे मी म्हणत नाही; तसे म्हणायला पुरावा लागतो. मी इतकेच दाखवतो की, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बिश्नोईचे चित्र छापलेले टी-शर्ट ऑनलाईन विकले जात होते आणि महाराष्ट्र सायबरला त्याबद्दल गुन्हा नोंदवावा लागला. अठरा-वीस वर्षांच्या पोराने छातीवर मिरवावा इतका मोठा हा चेहरा कोणी केला? कोलंबाईन शाळेतल्या 1999 मधल्या हत्याकांडानंतर अमेरिकेत हेच झाले; दोन मारेकऱ्यांचे चेहरे मासिकाच्या मुखपृष्ठावर गेले आणि नंतरच्या कितीतरी मारेकऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यातल्या मारेकऱ्याचे नाव न उच्चारण्याचे ठरवले, ते हे ओळखूनच.

इथवर वाचलेला एखादा जाणता वाचक थांबवून म्हणेल: संयम, संयम म्हणता, पण गप्प बसण्यानेच आमचा घात झाला. हा आक्षेप सर्वांत बळकट आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्याचा आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भैय्यालाल भोतमांगे या दलित शेतकऱ्याची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. सुरुवातीच्या बातम्या चार ओळींच्या होत्या, आणि त्यांत अनैतिक संबंधांची कुजबुज तशीच्या तशी उतरली. जमिनीचा वाद, जात, जमावाची तयारी यांपैकी काही नाही. महिनाभर मोठ्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तिकडे पाहिले नाही. सत्यशोधन पथके गावात गेली, कार्यकर्त्यांनी कागद जमवले, नागपूर-अमरावतीला लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे कॅमेरे आले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरले, त्यांतल्या सहांना फाशी सुनावली. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झालाच नाही. भैय्यालाल 2017 च्या जानेवारीत गेले.

म्हणून मी संयमाचा अर्थ कमी सांगणे असा करत नाही. खैरलांजीत कमी सांगितले गेले हे अर्धे पाप. पोलिसांनी कानात सांगितले ते न तपासता छापले हे उरलेले अर्धे. न्यूटाऊनला घाईने चुकीचे नाव दिले गेले आणि खैरलांजीत आळसाने चुकीचे कारण दिले गेले. दोन्हीकडे शहानिशा झाली नाही, एवढे एकच कारण.

आता लाखनीकडे येतो. फेब्रुवारी 2013. आपल्या तालुक्यातल्या एका गावातल्या तीन लहान बहिणी बेपत्ता झाल्या आणि दोन दिवसांनी त्यांचे मृतदेह विहिरीत सापडले. गावाचे नाव मी लिहीत नाही. इथल्या वाचकाला ते लागत नाही आणि बाहेरच्या वाचकाला त्याचा उपयोग नाही. लोकांनी महामार्ग रोखला, दिल्ली-मुंबईच्या ओबी व्हॅन आल्या. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 मधल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेला दोन महिनेच झाले होते, देश पेटलेला होता. बलात्कार आणि खून हे शब्द तपास सुरू असतानाच निकालासारखे वापरले जाऊ लागले. अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करू नये असे सांगणारा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला होता. आणि 1 मार्च 2013 रोजी देशाचे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी राज्यसभेत निवेदन वाचताना त्या मुलींची नावेच घेतली. विरोधी पक्षाने आक्षेप घेतला, नावे कामकाजातून काढून टाकली गेली. पण एकदा देशभर गेलेले नाव परत कसे आणणार?

या एका दिवसाने आणखी एका मताचे खंडन होते. माध्यमे ऐकत नाहीत ना, मग लगाम सरकारच्या हाती द्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्या सरकारने हा कायदा आणला, त्याच सरकारच्या गृहमंत्र्याने त्याचा हेतूच संसदेत मोडला. लगाम त्या हातात देऊन आपल्या लेकी सुरक्षित होणार नाहीत, उलट खैरलांजीसारखी बातमी दाबायला आणखी एक हत्यार मिळेल.

व्हॅन परत गेल्यावर उरतो तो तालुक्याचा वार्ताहर. त्याची स्थिती बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. बहुतेकांना पगार नसतो, मानधन नावापुरते. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची, दिवाळी शुभेच्छांची जाहिरात त्यानेच आणायची आणि त्याच पुढाऱ्याच्या जवळच्या माणसाविरुद्धचा तपास कुठे अडला हेही त्यानेच विचारायचे. विचारले तर जाहिरात गेली, आणि वरून साहेबांचा फोन. पहिल्या दिवशी त्याच्या बातमीला पान एक मिळते. सहा महिन्यांनी तो न्यायवैद्यक अहवालाची बातमी पाठवतो, तेव्हा ती आतल्या पानावर दोन परिच्छेदांत बसते किंवा जागेअभावी राहून जाते. लोकांच्या मनात मग पहिल्या दिवसाचीच गोष्ट कायमची राहते, खरी असो वा खोटी.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. टेक्सासमधले युव्हाल्डी हे पंधरा हजार वस्तीचे, लाखनीसारखेच लहान गाव. 24 मे 2022 रोजी तिथल्या शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. गावात युव्हाल्डी लीडर-न्यूज नावाचे छोटे वर्तमानपत्र निघते. त्याच्या एका कर्मचारी महिलेची मुलगी मृतांत होती. वर्तमानपत्राने दोन दिवसांनी पहिले पान पूर्ण काळे छापले, त्यावर फक्त तारीख. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी पोलिसांच्या शौर्याचे गोडवे गायले. बातमीदारांनी ते तसेच छापून सोडून दिले नाही. त्यांनी कागद मागितले, आणि जुलैमध्ये ऑस्टिन अमेरिकन-स्टेट्समन या दैनिकाने शाळेच्या व्हरांड्यातले चित्रण प्रसिद्ध केले. त्यात दिसले की हत्यारबंद पोलीस 77 मिनिटे वर्गाबाहेर थांबले होते. बिश्नोईची मुलाखत दाखवणाराही पत्रकारच आणि हे चित्रण मिळवणाराही पत्रकारच. दुसऱ्याने मेलेल्या मुलांच्या वतीने सत्तेला प्रश्न विचारले. मला लाखनीत असा वार्ताहर हवा आहे, आणि त्याला जगवणारे वर्तमानपत्र हवे आहे.

‘आता सगळे व्हॉट्सॲपवर येते, पेपरला कोण विचारतो’ ही शेवटची पळवाट. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोखाली आजही वर्तमानपत्राचे कात्रणच पुरावा म्हणून जोडले जाते. म्हणजे छापलेल्या शब्दाचे वजन संपलेले नाही, आणि जोवर वजन आहे तोवर जबाबदारीही आहे.

त्या जबाबदारीसाठी आपल्याकडे असलेली यंत्रणा दुबळी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. 1978 च्या कायद्याने नेमलेली प्रेस कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून तिला दात द्या ही मागणी करायलाच हवी, तीही सरकारी अंकुशाविना. पण जे आहे ते तरी आपण कितीदा वापरले? दैनिकात चुकीची किंवा पीडितेची ओळख उघड करणारी बातमी आली तर आधी संपादकाला लेखी पत्र लिहायचे, दाद लागली नाही तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे तक्रार करायची. वकील लागत नाही. माझी लाखनीच्या वाचकांना विनंती आहे: पुढच्या वेळी गावात असे काही घडले तर कात्रण जपून ठेवा, चूक असेल तर मुदतीत तक्रार करा, सहा महिन्यांनी संपादकाला एक पत्र लिहा, आणि त्यात एवढेच विचारा की त्या बातमीचे पुढे काय झाले.